राबाची राख आणि तीन पंखे

१ एप्रिल

दुपारी डोळा लागता लागता धसईच्या शाळेतला आवाज ऐकू आला. साठ वर्षं होऊन गेली त्याला. चाळीस पोरं मांडी घालून बसलेली, एका सुरात कविता, आणि गुरुजींची छडी टेबलावर पडतेय. मारायला नव्हे, ठेका धरायला. ओळ संपली की क्षणभर सगळं शांत व्हायचं, आणि त्या शांततेत कौलांवरच्या चिमण्यांची नखं ऐकू यायची.

तो आवाज कानात मुरत होता तेवढ्यात घोंघाटानं जाग आली. कुजक्या फणसावर हिरव्या माश्या घोंगावतात ना, तसा. हर्षालीचा कॉम्प्युटर.

हर्षाली माझी नात, माझ्या मुलाची, हरेशची मुलगी. वय तेवीस. कल्याणची तिची कंपनी दिवाळीत बंद पडली आणि ती हे धूड टेम्पोत घालून घरी घेऊन आली. एका अंगाला काच, आत लाल-निळे दिवे, जत्रेतल्या पाळण्यासारखे. ठेवलाय कुठं, तर माजघरात. घरातली सगळ्यात थंड खोली. तिथं आमचे पाण्याचे माठ असायचे. माठ आता पडवीत, आणि पाणी कोमट.

त्यावर ती खेळते काय? पाच जण इकडचे, पाच तिकडचे, एकमेकांना गोळ्या घालतात. भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या. मेलेला पुढच्या डावात पुन्हा उभा. मरणाचीसुद्धा लाज ठेवली नाही यांनी. मला शिसारी येते.

"आबा, टाइमपास नाय हा. ट्रायल हाय," ती म्हणते. अकरा मेला हैदराबादच्या कुठल्याशा संघाची निवड आहे. घरूनच खेळायचं, ते तिकडून बघणार. निवड झाली तर पगारी नोकरी. पण धुडाच्या पोटात ग्राफिक्स कार्ड म्हणून एक जाडजूड पाटी आहे, तीन पंख्यांची. पडद्यावरची सगळी चित्रं ती काढते, आणि काढता काढता तापते. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या तापाचा आकडा दिसतो. आज सत्त्याऐंशी. नव्वदच्या वर गेला की चित्र अडखळतं, आणखी वर गेला की सगळंच बंद. ट्रायलच्या मध्ये बंद पडलं तर हर्षाली बाद.

पडलं तर पडलं.

६ एप्रिल

चाळीस वर्षं धसईच्या भातगिरणीवर होतो मी. पट्टा तापला, बेअरिंग तापलं, तर वासावर सांगायचो. आज हर्षालीनं तेच उकरून काढलं.

"आबा, गिरणीत मशीन तापली का तुमी पयला काय करायचे?"

"पहिली बंद करायचो. मग साफ."

"मंग या. पाना धरा."

काच काढली आणि मला ओकारीच आली. करड्या लोकरीचे पुंजके, लांब केस, पालीच्या लेंड्या, फुटलेलं पालीचं अंडं, मुंगळ्यांचे नुसते पाय. कोंडा मी जन्मभर खाल्ला, पण कोंडा भाताचा असतो. हे कशाचं?

"आपलीच कातडी हाय ती," हर्षाली म्हणाली. "माणसाची कातडी झडते ना आबा, तिचीच धूळ व्हते. ह्यात तुमीपण असाल थोडे."

संध्याकाळी भाकरी गेली नाही.

पंखा बोटानं धरून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. ती फुंकणी मारते तेव्हा पंखा मोकळा भिरभिरता कामा नये, बिघडतो म्हणे. दोन तास धरून बसलो. आकडा एक्याऐंशीवर उतरला. ती टाळ्या पिटत नाचली. मला आनंद वगैरे झाला नाही, घाण गेल्याचं बरं वाटलं एवढंच.

१३ एप्रिल

हर्षालीबरोबर शहापूरला जाऊन आलो. मुरबाडला गाडी बदलून, उन्हात. कार्डाला लावायची पेस्ट हवी होती. बाजारात स्वरूप नावाच्या माणसाचं दुकान आहे, वायरींच्या जंजाळात बसलेला असतो.

"किती वर्सा झाली बदलून?" त्यानं विचारलं.

"घेतला तवापासून नाय," हर्षाली म्हणाली.

"अगो, मंग पापडी झाली असंल आत!" मग माझ्याकडं वळून, "आजोबा, तुमीपण खेळता काय?"

"मी पंखा धरतो," म्हटलं.

"म्हंजे सपोर्ट प्लेअर!" दोघं खो खो हसली. मला काही कळलं नाही. दुकानात तापलेल्या प्लास्टिकचा घाणेरडा वास, आणि हसतात कसली.

स्वरूप पुढं म्हणाला, "सिलेक्शन झाला ना, त लाइफ सेट. टीमचा घर असतो तिकडं. एसी, जेवान, सगळा. माझ्या वळखीचा एक जण गेलाय, दोन वर्सा झाली, घरी फिरकला नाय."

उसाचा रस पीत होतो, घोट घशाशी आला. रसच नासका असणार. ग्लासाच्या काठाला माशी मरून चिकटली होती. हर्षालीनं तोच रस प्याला, तिला काही झालं नाही. तरुण पोट.

१४ एप्रिल

कार्ड उघडलं. वर तीन पंखे, त्याखाली पातळ पत्र्यांची दाट फणी, आणि तिच्या खाली नखाएवढी चकचकीत चिप. सगळा ताप तिचा. चिपेवर जुनी पेस्ट, पोराच्या नाकाखाली वाळलेल्या शेंबडासारखी. हर्षालीनं ती पुसली आणि वाटाण्याएवढी नवी घातली.

"वंगण," मी म्हणालो.

"वंगण नाय आबा, पूल. चिपेचा ताप ह्या पुलावरना पत्र्यात जातो, आन पत्र्यातना पंखे त्याला भायेर हाकलतात."

खेळताना चौऱ्याहत्तर. मला मिठी मारली. हाताची पेस्ट माझ्या सदऱ्याला लागली, करडी, चिकट, निघेना.

मग म्हणाली, "आता ती तुमची वळ म्हणा." सातवीत मी केलेली ओळ: भात पिकले, वारा निजला, पाखरांनो, हळू बोला. मात्रा लंगडते असं गुरुजी म्हणाले होते. हर्षाली लहानपणापासून ती ऐकत आलीय. आता म्हणते, डाव सुरू व्हायच्या आधी ऐकली की तिचा श्वास जागेवर येतो आणि नेम चुकत नाही. पाखरांना हळू बोला म्हणायचं आणि माणसं मारायची! पण म्हटली. लहानी, माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर माझी कविता मागून ऐकणारं दुसरं कोणी नाही.

२१ एप्रिल

धाऊ आला होता. बांधाला बांध लागून आहे त्याचा, आणि शाळेत मांडीला मांडी लावून बसायचो आम्ही. राबाचं विचारायला आला. रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा रचून, वर माती टाकून भाजायचं. त्या राखेतच रोप जोम धरतं. राबाचा धूर मला लहानपणापासून आवडतो. उदबत्ती त्यापुढं बाजारी वाटते.

"कुंडलिका, कदी पेटवाचा?"

मी काही बोलायच्या आत माजघरातून हर्षाली ओरडली, "आबा, अकरा तारखेनंतर! वाफा ह्या खिडकीच्या तोंडावर हाय. सगळी राख कार्डात जायल!"

"त थांबू की," धाऊ म्हणाला. "पोरीचा काम हाय. पाऊस काय वाटंला लागलाय काय आत्ताच?"

थांबू, म्हणालो. तिला शब्द दिला.

२९ एप्रिल

नम्रतानं, म्हणजे सूनबाईनं, धसईच्या बाजारातून चाकांची बॅग आणली. निळी. अजून निवड नाही, काही नाही, आणि बॅग!

"आणून ठेवलेली बरी, बाबा," म्हणते.

ओटीवर ठेवलीय. नव्या रेक्झिनचा वास घरभर. डोकं उठलं. दोनदा उचलून पडवीत नेली, दोनदा परत ओटीवर आली.

४ मे

ऊन बेचाळीस. कार्ड शहात्तर. आता आमचं आकड्यांतच चालतं.

आज माझ्या ओळीसाठी ती थांबली नाही. कानाला ते काळं बोंडकं लावून कोणाला तरी "भाई, लेफ्ट, लेफ्ट" करत होती. मी दारात उभा राहिलो, घसा खाकरला. हातानंच "नंतर" केलं.

बांधावर जाऊन बसलो. राब रचून तयार आहे. कडकडीत वाळलाय. काडी ओढायचा अवकाश. मळभ येईल असं वाटतं. अवकाळीचा काय भरवसा? रचलेला राब एकदा भिजला की भाजत नाही, नुसता कुजतो. त्या कुजक्याचा वास फार वाईट.

९ मे

आज राब भाजला.

भाजावाच लागला. माळशेजच्या अंगाला ढग दिसला मला. धाऊला हाक मारायला वेळ नव्हता. हर्षाली इंटरनेटवाल्याला भेटायला मुरबाडला गेली होती, नम्रता शेजारी. दुपारचे बारा. वारा पडलेला होता. पेटवला तेव्हा नक्की पडलेला होता, नंतर उठला आणि घराकडं वळला, त्याला मी काय करू?

माजघराची खिडकी उघडी होती. मला वाटलं नम्रतानं लावली असेल. कॉम्प्युटर चालू होता, काहीतरी उतरवून घ्यायला लावून गेली होती हर्षाली. मला कसं कळणार? दिवे तर त्याचे नेहमीच चालू असतात.

चार वाजता ती आली. माजघरात सगळीकडं राख. काचेच्या आत लाल दिवे धुरकट झालेले, सरणासारखे. ती खुर्ची ओढून बसली, खेळ लावला, आकडा बघितला. त्र्याण्णव. मग बंद केला.

मला म्हणाली, "आबा, तुमाला लागला नाय ना कुठं? भाजला नाय ना?"

ढग पुढं सरकलाच नाही. पाऊस आला नाही.

१० मे

सकाळपासून राख काढतोय. फणीच्या पत्र्यांत घट्ट बसलीय. ब्रशनं निघत नाही, फुंकलं तर तोंडावर येते. दातांत, नाकात. थुंकी काळी येते. आयुष्यभर मला राखेचा वास आवडत आला, आज नाकाला फडकं बांधलं. तीनातला मधला पंखा अडकलाय, बोटानं ढकलला तर किरकिरतो. बदलून मिळायला आठवडा लागेल असं स्वरूप फोनवर म्हणाला. ट्रायल उद्या.

दुपारी धाऊ आला. आत बघितलं, हर्षालीच्या काळ्या हातांकडं बघितलं, आणि मला अंगणात घेऊन गेला.

"कसला ढग रं कुंडलिका? मी काल दिसभर शेतावं हुतो. मना त नाय दिसला."

"तुझी नजर गेलीय."

"व्हय. माजीच गेली असंल," म्हणाला, आणि पानाची पिचकारी माझ्या तुळशीजवळ टाकून गेला. किळसवाणा माणूस. शाळेतही असाच होता.

हर्षाली जेवली नाही. डब्यावर डबा ठेवावा तसं सगळं पुन्हा जोडून बसली आणि आकड्याकडं बघत राहिली. एक्क्याण्णव. तिचे डोळे लाल होते. राखेनं असणार.

मी तिच्या शेजारी बसलो. मग गिरणीचंच बोललो. म्हटलं, आमच्याकडं भरहंगामात बेअरिंग तापलं, सुटा भाग नसला, आणि दारात लोक पोती घेऊन बसलेले असले, तर गिरणी बंद ठेवायची सोय नसे. मग घास कमी करायचा. वरून भात कमी सोडायचा. तांदूळ हळू पडतो, पण पडतो.

ती वळून माझ्याकडं बघायला लागली.

"घास कमी करायचा," ती म्हणाली. "आबा! कार्डाला पावरच कमी द्यायची. सत्तर टक्के. चित्र बारीक करायचा, सावल्या बंद, उजेड बंद. घाण दिसंल, पन पळंल!"

एका अंगाची काच काढून टाकली. टेबलफॅन बाजूनं लावला. खिडकीबाहेर दोन हातांवर मी ओली पोती टांगली, वारा थंड होऊन येईल पण ओल आत येणार नाही इतक्या अंतरावर. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. तिथं थांबला.

११ मे

दुपारी चार ते सात. तीन डाव.

खेळताना आकड्याकडं बघायला तिला फुरसत नव्हती. मोबाइलवर आकडा काढून तो माझ्या हातात दिला. "आबा, दर अर्ध्या मिनटानं मोठ्यानं सांगा. नव्वद झाला का मी एका कोपऱ्यात उभी ऱ्हायन, जरा थंड होऊ दीन."

मी सांगत राहिलो. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. पडदा भयंकर दिसत होता. माणसं चिखलाच्या गोळ्यांसारखी, भिंती कोऱ्या, रक्तसुद्धा नुसते चौकोनी ठिपके. इतकं ओंगळ चित्र मी जन्मात पाहिलं नाही. दुसऱ्या डावात नव्वद झालं आणि माझा आवाज चढला. नव्वद! नव्वद! ती भिंतीला टेकून उभी राहिली, मोजून वीस सेकंद. मी ओल्या पोत्यांवर तांब्यानं पाणी मारून आलो. हे उतरू दे, असं मी कोणाला म्हणत होतो कुणास ठाऊक.

बंद पडला नाही. तिसरा डाव तिनं एकटीनं काढला म्हणे. पाचातले चार मेले होते.

"झाला, आबा," ती म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून रडली.

मीही पडवीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

१४ मे

हैदराबादहून निरोप आला. खेळ त्यांना पसंत आहे. पण निकाल रोखून ठेवलाय.

तिच्या माइकमधून माझा आवाज तिकडं गेलाय. दुसऱ्या बाजूच्या पोरांनी तक्रार केली की, हिच्यामागं एक म्हातारा सारखे आकडे सांगत होता, तो दुसऱ्या पडद्यावर बघून शत्रू कुठं आहे ते हिला खुणेनं कळवत असणार. नव्वद म्हटलं की ही लपते, अठ्ठ्याऐंशी म्हटलं की बाहेर येते. हर्षालीनं लिहून कळवलं की, ते माझे आजोबा, कार्डाचं तापमान सांगत होते. त्यांना ते पटलं नाही. कोणाला पटेल? आता आजोबांनी स्वतः काय ते लिहून सही करून पाठवायचं, आणि अठरा तारखेला व्हिडिओ कॉलवर बोलायचं. नाही तर ती बाद.

"लिवून द्या ना आबा. तुमी त किती छान लिवता."

देतो म्हटलं.

ती उंबऱ्यावर बसली होती. अचानक म्हणाली, "आबा, नऊ तारखेला ढग व्हता?"

"होता," म्हणालो.

तिनं मान हलवली आणि बॅगवरची धूळ पुसायला उठली.

१७ मे

चार दिवसांत चार ओळी झाल्या नाहीत. लिहितो आणि फाडतो. 'मी, कुंडलिक, असे लिहून देतो की' इथपर्यंत हात जातो, पुढं शब्दांचा वीट येतो. शब्दांचा, आणि मला! नम्रता म्हणाली, "बाबा, एवढंसं तर लिहायचंय." हात दुखतो म्हटलं. उद्या कॉल आहे. उद्या नेट नसलं म्हणजे? आमच्याकडं नसतंच पुष्कळदा. त्यात माझा काय दोष?

हे लिहिलं आणि वाचलं. माजघरात काच काढली त्या दिवशी आली होती तशीच ओकारी आली. पालीच्या लेंड्या परवडल्या.

दुपारी हर्षाली आणि नम्रता धसईला गेल्या. मी ओटीवर कोरा कागद घेऊन बसलो होतो. गाडी थांबल्याचा आवाज आला. अंगणात एक बाई उतरली, तिशीची, जीनची पँट, घामाघूम. गळ्यात ओळखपत्र.

"नमस्कार. मी रेश्मा. हर्षालीच्या ट्रायलच्या टीमची मॅनेजर. कल्याणला माहेरी आले होते. म्हटलं, फोनवर कशाला, जाऊनच बघावं. हर्षाली आहे?"

"नाही."

"मग आणखी कोण आहे घरात?"

"कोणी नाही."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग उंबऱ्याच्या बाहेरूनच विचारलं, "त्या दिवशी मागून आकडे कोण सांगत होतं?"

हर्षालीची गाडी यायला अजून तास होता. बाई उन्हात उभी होती, आणि मी 'ठाऊक नाही' अशी नुसती मान हलवली असती तरी ती आल्या पावली गेली असती.

"मीच," मी म्हणालो. "आणि राबही मीच पेटवला. ढग नव्हता. या, आत या, कार्ड दाखवतो."

ती गोंधळून चपला काढायला लागली.